कुलपाची नोंद

"हे घर बंद आहे," टेबलामागची मुलगी म्हणाली.

"कुठलं?"

"सतरा नंबर. तुम्ही तेच सांगितलंत ना?"

"हो. पण मी तिथेच राहते."

तिनं पुन्हा पडद्यावर बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कडेवरच्या भिंगरीकडे. भिंगरी चार वर्षांची आहे. कडेवर बसायचं वय उलटलंय, पण जिना चढताना तिला धाप लागते आणि कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं.

"ताई, मी तरी काय करू? दोन वर्षांत सात वेळा 'घर बंद'. तीनपेक्षा जास्त वेळा असेल तर घर रिकामं धरायचं, असा नियम आहे. रिकाम्या घराला पॅनेल कोण देणार?"

"अहो, मग मी कुठून आले?"

मागे रांगेत एक म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "भुतांची रांग वेगळी असेल, विचारून बघा." लोक हसले. मुलगीही हसली. मीही हसले, कारण हसले नसते तर तिथेच रडायला लागले असते.

कमी मिळकतीच्या घरांसाठी योजना आली होती. छपरावर सूर्याची पॅनेलं आणि घरात विजेची शेगडी, दोन्ही फुकट. माहितीपत्रकावरची हसरी बाई मी महिनाभर भिंतीला चिकटवून ठेवली होती. ती शेगडी आमच्या खोलीत कुठे बसेल ते फूटपट्टीनं मोजून ठेवलं होतं. आमची गॅसची टाकी वीस तारखेपर्यंत रडतखडत पुरते. पुढचे दहा दिवस कोळसा. खोली एकच. धूर आणि आम्ही एकाच छपराखाली राहतो, आणि थंडीत दार लावलं की धूर घरचाच होऊन बसतो.

भिंगरीच्या डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलं होतं, "औषध मी देतोय आणि धूर तुम्ही देताय. असं किती दिवस चालणार? या थंडीच्या आत तो थांबला पाहिजे. आणखी एक हिवाळा तिची छाती असाच काढेल, याची हमी मी देणार नाही."

तेव्हापासून मी तिचे श्वास मोजते. मिनिटाला तीसच्या आत असले तर कामाला लागते. चाळीसच्या वर गेले की पायात चपला घालते. नवरा म्हणतो, घड्याळाकडे बघत बघतच तू म्हातारी होशील. होईन. तेवढं तरी व्हायला मिळू दे.

"कुठले सात महिने, ते दाखवाल?" मी विचारलं.

मुलीनं पडदा माझ्याकडे वळवला. दोन हिवाळे. बरोबर तेच महिने, ज्यांत आमच्या घरात चोवीस तास कोणीतरी जागं होतं. हीटर, वाफेचं मशीन, दिवा. गल्लीत सगळ्यात जास्त उघडं घर आमचंच असेल.

आणि मला एकदम कळलं. कुलूप आमच्या दाराला नव्हतंच कधी. ते मीटरकाकांच्या हातातल्या मशीनमध्ये होतं.

मीटरकाका एकतीस वर्षं आमच्या भागातले मीटर वाचत होते. पहिल्या तारखेला अकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी हाक यायची, "मीटर!" त्या हाकेवर बायका घड्याळं लावायच्या. अंगात फिकट निळा शर्ट, खिशावर पितळी बिल्ला, खांद्याला पिशवी. मीटर बाहेरच्या भिंतीवर असला तरी ते चपला काढूनच पायरीवर चढायचे. काचेवर फुंकर मारायचे, बाहीनं पुसायचे, मग टॉर्च लावायचे, भर दुपारीसुद्धा. मीटरचं चाक बघून त्यांना घर कळायचं.

"काय मावशी, चाक पळतंय नुसतं. मोठी ऑर्डर आली वाटतं?" हे शेजारच्या शिंपीणमावशींना. आणि खरंच त्यांच्याकडे कुठल्यातरी शाळेचे साठ गणवेश आलेले असायचे.

"तुम्ही मीटर वाचता का पत्रिका?" मावशी म्हणायच्या.

"पत्रिका खोटं बोलते हो. चाक बोलत नाही."

माझ्या सासऱ्यांची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून मी त्यांची सूनबाई. भिंगरीला ते टॉर्च धरायला द्यायचे आणि मीटरमधले आकडे एकेक करून तिच्याकडून वाचून घ्यायचे. तिला आकडे तिथेच आले. आठ तिला फार आवडायचा, कारण तो "स्वतःभोवती फिरतो".

पन्नास युनिटपर्यंत विजेचा दर हलका होता. एक्कावन्नावं युनिट पडलं की आधीच्या पन्नासांचाही भाव चढायचा. काकांनी त्यावर आपल्यापुरती तोड काढली होती. ज्या घरात आजारपण असे, बाळंतपण असे, त्या घराचा आकडा ते त्या महिन्यात टाकायचेच नाहीत. मशीनवर 'घर बंद' दाबायचे. दोन-तीन महिन्यांनी वापर उतरला आणि खरा आकडा टाकला की कार्यालयातली यंत्रणा तेवढे युनिट मधल्या महिन्यांवर सारखे वाटून टाकायची, आणि कुठलाच महिना पन्नास ओलांडायचा नाही. त्यात चोरी नव्हती. जळलेलं प्रत्येक युनिट आम्ही भरत होतो. जड महिना ते फक्त थोडा लांबवून पातळ करायचे, दुधात पाणी घातल्यासारखा.

दोन वर्षांपूर्वी भिंगरी पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा ते पायरीवर उभे राहिले, चाकाकडे बघितलं आणि टॉर्च बंद केली.

"हीटर?"

"हो काका. आणि वाफ दिवसातून सहा वेळा."

"चालू दे. बंद करू नकोस भीतीनं. मी कुलूप टाकतो."

"तुम्हाला काही त्रास नाही ना होणार?"

"मला कसला त्रास? मी काय तुमचं पातेलं पळवून नेतोय?"

त्या दिवशी मी दाराआड जाऊन रडले होते. कोणीतरी आपल्या घराकडे नीट बघितलंय, असं मला वाटलं होतं.

कार्यालयातून परत आले तर काका आमच्या पायरीवर बसलेले. चपला खाली जोडून ठेवलेल्या. हातात योजनेत बसलेल्या घरांची यादी, चार घड्या घातलेली. नवीन मीटर येणार होते, जे आपणच आपला आकडा कार्यालयाला कळवतात. काकांना निवृत्तीला दोन महिने होते, तोवर जुने मीटर कुठे कुठे आहेत ते बसवणाऱ्यांना दाखवायचं, एवढंच काम उरलं होतं.

"अकरा घरं, सूनबाई," ते म्हणाले. "गल्लीत एकोणीस, त्यातली अकरा गळली. मी घरी बसून खुणा केल्या. ज्या ज्या दारात मी थांबलो, ती सगळी गळली. जिथे नुसता आकडा टाकून पुढे गेलो, ती सगळी यादीत."

कोपऱ्यावरचा दुमजली इस्त्रीवाला यादीत होता. त्याच्या दारात काका कधी थांबले नव्हते. गरजच नव्हती.

भिंगरी खाली उतरून त्यांच्या पिशवीत टॉर्च शोधू लागली. शेजारून शिंपीणमावशी तोंडात टाचण्या धरून बाहेर आल्या. त्यांचंही घर त्या अकरांतलं. त्यांनी टाचण्या काढल्या.

"म्हणजे तुमच्या दयेनं आमचा गळा कापला म्हणा की."

"मावशी!" मी म्हणाले.

"बोलू दे तिला," काका म्हणाले. "खरंच आहे."

हरकत नोंदवायला आठ दिवस होते. मी पदवीधर आहे. गल्लीतले शाळाप्रवेशाचे, रेशनचे, नळाचे सगळे अर्ज माझ्या हातचे. मी भिंगरीला वाफ देता देता विचार केला आणि काकांना म्हणाले, "तुम्ही लिहून द्या. या घरांत माणसं राहत होती आणि नोंद तुम्ही केली, एवढंच. तुमच्या सहीशिवाय ते ऐकणार नाहीत."

काकांनी मान डोलावली. विचारसुद्धा केला नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हात धुवायचा थांबला. तो शीतगृहात पेट्या उचलतो, त्याची बोटं घरी येऊनही तासभर गार असतात.

"अगं, त्यांचे दोन महिने राहिलेत. नोकरीवर आलं तर?"

"आणि हिच्यावर आलं तर?"

तो पुन्हा हात धुवायला लागला. हा प्रश्न मी काढला की समोरचं माणूस गप्पच बसतं. मला ते माहीत आहे, आणि माहीत असूनही मी तो काढते.

मी लिहिलं. भाषेत मला कॉलेजात पहिला वर्ग होता. 'मी, खाली सही करणारा, लिहून देतो की, सदर अकरा घरांत कुटुंबे सतत वास्तव्यास असताना मी जाणूनबुजून घर बंद अशी चुकीची नोंद केली.'

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "जाणूनबुजून हवंच का ग?"

"हवं काका. नाहीतर म्हणतील, म्हाताऱ्याच्या हातून चुकून बटण दाबलं गेलं असेल, आता त्याला काय आठवतंय. चुकून म्हटलं की संशय राहतो. आपल्याला संशय ठेवायचा नाही."

"तेही खरं." त्यांनी सही केली. सही सुरेख होती, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी, काका आणि काकांच्या खांद्यावर भिंगरी. ते जिना एकदाही न थांबता चढले. साहेबांच्या खोलीकडे ते वळणार, तेवढ्यात मी त्यांची बाही धरली.

"आधी आवक खिडकीवर द्या. शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय इथे कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही. उद्या म्हणतील, मिळालाच नाही."

"साहेब ओळखीचे आहेत माझ्या."

"असू देत. पोच घ्या."

धाडकन शिक्का पडला. आवक क्रमांक, तारीख. मी पोच घडी करून पाकिटात ठेवली, आणि किती दिवसांनी कोण जाणे, छाती भरून श्वास घेतला.

साहेब तरुण होते, तिशीतले. काकांना बघून उठून उभे राहिले. "या काका, बसा. अहो, आज वर कसे?" मग त्यांनी कागद वाचला. वाचता वाचता खुर्चीत बसले. कोपऱ्यावरच्या शिक्क्याला बोट लावून बघितलं, ओला आहे का ते बघावं तसं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," काका म्हणाले.

"सदर. वास्तव्यास. जाणूनबुजून." साहेबांनी एकेक शब्दावर बोट ठेवलं. "काका, तुम्ही रजेचा अर्जसुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायचात."

"आता शिकलो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंगरीच्या स्वेटरचं वरचं बटण लावत होते. ते आधीच लावलेलं होतं. मी बोलले असते तर काय झालं असतं, याचा हिशोब मी तेव्हाच करून टाकला होता. अर्जदारानेच कर्मचाऱ्याकडून लिहून घेतलं, असं झालं असतं. सतरा नंबर कायमचा गेला असता. मी बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

"तुम्ही नुसते येऊन तोंडी बोलला असतात ना," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "तर मी नोंदींत गफलत दाखवून दुरुस्ती पाठवली असती. सगळी नाही, पण चार-पाच घरं नक्की बसवली असती. लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, अशी. आता हे कागदावर आलं, काका. आवक झालं. आता मी बघितलंच नाही, असं मला म्हणता येणार नाही."

"मग?"

"मग चौकशी. नोंदी खोट्या होत्या, हे तुम्हीच लिहून दिलंय. अकराही घरांचं रेकॉर्ड आजपासून चौकशीत. चौकशी संपेपर्यंत त्या घरांना कुठलीच योजना नाही, या वर्षीची नाही, पुढच्या वर्षीचीही नाही."

"आणि ती संपते कधी?" हे मी विचारलं. माझा आवाज मलाच कोणा दुसऱ्या बाईचा वाटला.

"माझ्या आधीच्या साहेबांच्या वेळची एक अजून चालू आहे," ते म्हणाले. मग काकांकडे न बघता, टेबलावरचा कागद सरळ करत, "काका, बिल्ला... बिल्ला इथे ठेवावा लागेल. निवृत्तीचं सगळं तोवर थांबेल. माझा इलाज नाही."

काकांनी बिल्ला काढला. पिन घट्ट बसली होती, काढताना त्यांच्या बोटात गेली. बोट तोंडात धरून ते क्षणभर लहान मुलासारखे दिसले. मग बिल्ला बाहीनं पुसला, मीटरची काच पुसायचे तसाच, आणि टेबलावर ठेवला.

"पाणी मिळेल का?" त्यांनी विचारलं.

रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, "काका, मी..."

"तिला कानटोपी घाल," ते म्हणाले. "वारा सुटलाय."

महिन्याभरात इस्त्रीवाल्याच्या छपरावर पॅनेलं चढली. त्यानं गल्लीत पेढे वाटावेत तसं तोंड करून सांगितलं, "आमचं बिल कसं, दर महिन्याला घड्याळासारखं. सरळ माणसाला देवही सरळ असतो." सकाळी दहाच्या सुमारास त्या काचांवरून उडालेला उन्हाचा चौकोन आमच्या भिंतीवर येतो. जिथे हसऱ्या बाईचं चित्र होतं, त्याच्या थोडा खाली. पंधरा मिनिटं थांबतो आणि जातो. भिंगरी त्यात हात धरून बसते.

नवे मीटर आले. राखाडी डबे. आत चाक नाही, एक लाल ठिपका लुकलुकतो. शिंपीणमावशी भेटल्या की एवढंच म्हणतात, "शिकलेल्या बाईनं लिहिलेला अर्ज बाई, फार पक्का." बाकीच्या नऊ घरांतले लोक काकांचं नावही काढत नाहीत. काका मात्र कोणाला काही बोलले नाहीत. 'सदर' कोणाचं, ते अजून कार्यालयाला कळलेलं नाही. पोच माझ्या पाकिटात आहे. भिंगरीच्या औषधाच्या चिठ्ठ्या काढताना ती दर वेळी हाताला लागते.

थंडी पडली. गॅस वीस तारखेला संपला, नेहमीसारखा. मी कोळशाची शेगडी बाहेर पायरीपाशी आणली. दार उघडं राहिलं की वाऱ्यानं धूर सगळा आत जातो, आणि भिंगरी आतून दार ओढून बाहेर माझ्याकडे येते. म्हणून मी स्वयंपाकापुरती बाहेरून कडी लावते. ती खिडकीच्या काचेला नाक लावून बसते. तिच्या श्वासानं काच धुरकट होते, मग ती बोटानं त्यावर आठ काढते.

एक तारखेला मी कढईत भाजी परतत होते. कोळसा ओला होता, धूर उठता उठत नव्हता, जमिनीलगत सरपटत होता. गल्लीच्या तोंडाशी काका दिसले. हाक दिली नाही त्यांनी. अंगात तोच फिकट निळा शर्ट, खिशावर दोन बारीक भोकं. सवयीनं आले असतील. अकरा वाजले होते.

आमच्या दारापाशी थांबले. कडीकडे बघितलं. त्यांचा हात पिशवीकडे गेला, मशीनसाठी, आणि तिथेच राहिला.

"आत आहे ती, काका," मी घाईनं म्हणाले. "धुरामुळे कडी लावलीय."

"दिसलं मला."

त्यांनी चपला काढल्या. पायरीवर बसून खाली वाकून दाराच्या फटीकडे बघितलं. दाराखाली दोन बोटं फट आहे, तिच्यातून धूर आत चालला होता, एका पातळ रेघेत, अगदी शिस्तीत. माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मी, जी सगळ्याकडे बघते, जिचं या घरात दुसरं कामच नाही. काकांनी गळ्याचा मफलर काढला, त्याची गुंडाळी केली आणि ती फटीत ठासून भरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटांनी दाबत दाबत. मग दाराला पाठ लावून बसले. धूर आता त्यांच्याच तोंडावर येत होता.

"काका, उठा तिथून."

ते उठले नाहीत.

आत भिंगरीनं काचेवर टकटक केलं आणि हुबेहूब त्यांच्या आवाजात हाक मारली, "मीटर!"

काकांनी वर बघितलं नाही. त्यांना खोकला आला, तो त्यांनी तोंडावर हात धरून दाबला.

हाकेनंतर भिंगरीलाही खोकल्याची उबळ आली असावी. काचेमागे तिचे खांदे हलताना दिसत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. दार चांगलंच बंद झालं होतं. मी कढईवर झाकण ठेवलं आणि घड्याळाकडे बघितलं. आतले श्वास ऐकू येईनात, म्हणून मी काकांचे मोजायला लागले.